एका ‘खुळ्या’ शब्दाची कहाणी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी मी पडद्यामागे असते. चहाचे आधण, पेल्यांची मोजणी आणि शेवटी सतरंज्या झटकणे ही माझी ठरलेली कामे. यंदा चिटणीसबाईंनी माझे नाव भाषणाच्या यादीत घातले आणि मी नको नको म्हणत असता खोडू दिले नाही. माझे शिक्षण अवघे सातवीपर्यंतचे. त्यातही इंग्रजी म्हणजे एबीसीडी, आपले नाव आणि गावचे नाव, एवढेच. तरीसुद्धा आज मी आपल्यापुढे एका इंग्रजी शब्दावर बोलणार आहे. हे ऐकून कोणाला हसू आले असेल तर त्यांनी खुशाल हसावे. शब्दच तसा आहे. तो शब्द म्हणजे ‘सिली’.

हा शब्द माझ्या घरात कसा शिरला ते आधी सांगते. गेल्या दिवाळीच्या आधी मी वाण्याकडून सामान आणले. दुकानात ही गर्दी! घरी येऊन हिशेब केला तर चारशे रुपये जास्त. मी शंभराची नोट दिली होती, आणि त्या माणसाने ती पाचशेची समजून सुटे परत केले होते. दुपारचा एक वाजला होता. मी पदर डोक्यावर घेतला आणि तशीच उलट पावली दुकानात जाऊन पैसे देऊन आले. परत येते तो माझी अकरावीतली मुलगी आणि तिची मैत्रीण ओट्यापाशी उभ्या. काय झाले ते सांगितल्यावर मैत्रीण खुदकन हसली आणि माझी लेक म्हणाली, “आई, तू ना, अगदीच सिली आहेस!”

मी विचारले, “सिली म्हणजे काय ग?”

ती जरा घुटमळली. म्हणाली, “म्हणजे... भोळी. म्हणजे वाईट नाही ग तसं. खुळी म्हण.”

भगिनींनो, मुलीने ते प्रेमानेच म्हटले होते. तिच्या मनात काही नव्हते. पण मला ते लागले. परक्याने म्हटले असते तर मी पदराला झटका देऊन विसरून गेले असते. पोटच्या मुलीच्या तोंडून ऐकले आणि रात्री झोप येईना. चारशे रुपये परत केले हे तिने माझ्याकडूनच शिकावे अशी माझी इच्छा, आणि तिला तर त्यात आईचा खुळेपणा दिसला! मग मी तिला काय शिकवले?

याआधी हा शब्द मी ऐकलाच नव्हता असे नाही. घरी क्रिकेटचा सामना लागला की ‘सिली पॉइंट’, ‘सिली मिड-ऑन’ असे कानांवर पडे. मला वाटे, ती मैदानातल्या जागांची नावे असतील, आपल्याला काय करायचे! आता मात्र शब्द माझ्याच अंगावर आला होता. त्याची चौकशी करणे भाग होते.

आपल्या मंडळात हायस्कुलातून इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या बाई आहेत. त्या समोरच बसल्या आहेत. नाव घेतलेले त्यांना आवडणार नाही. मी त्यांच्याकडे गेले. मला वाटले होते, त्या एका वाक्यात अर्थ सांगतील आणि चहा पिऊन मी परत येईन. पण बाईंनी कपाटातून एक जाडजूड कोश काढला. शब्दांचे कूळ आणि मूळ सांगणारा. त्या म्हणाल्या, “शब्दांचीही माणसांसारखी जन्मकथा असते. इंग्रजांनी ती फार कष्टाने लिहून ठेवली आहे. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाचा बेत १८५७ साली ठरला, आणि पहिल्यांदा तो पुरा व्हायला १९२८ साल उजाडले. कोणता शब्द कोणत्या साली कोणत्या अर्थाने लिहिलेला सापडतो, ते त्यात ओळीने दिलेले आहे.” मग तीन दुपारी बसून बाईंनी मला या एका शब्दाची गोष्ट समजावली. तीच मी आपल्याला सांगते आहे. चुकले तर ते माझे, बरोबर असेल ते बाईंचे.

हजार-बाराशे वर्षांपूर्वी इंग्लंडात जी जुनी इंग्रजी बोलत, ती आजच्या इंग्रज माणसालाही शिकल्याशिवाय कळत नाही. त्या भाषेत एक शब्द होता, ‘सॅल’. त्याचा अर्थ चांगली वेळ, सुख, भाग्य. आपण नाही का म्हणत, “वेळ चांगली होती म्हणून बचावले”? तशी ती वेळ. या ‘सॅल’पासून विशेषण झाले ‘सॅलिग’. त्यातला शेवटचा ‘ग’ मऊ, जवळजवळ ‘य’सारखा उच्चारीत. अर्थ काय, तर सुखी, भाग्यवान, ज्याच्यावर देवाची कृपा आहे असा. हाच आपल्या ‘सिली’चा पणजोबा!

मी बाईंना दोनदा विचारले, “हाच का तो शब्द? दुसरा कुठला नव्हे ना?” बाई हसल्या. म्हणाल्या, “याची जर्मनीत एक बहीण आहे. तिचे नाव ‘सेलिग’. ती अजून माहेरच्या घरातच आहे. जर्मन भाषेत आजही तिचा अर्थ धन्य, कृतार्थ, स्वर्गसुख लाभलेला असाच होतो. गेलेल्या माणसाच्या नावामागेही तो शब्द लावतात, आपण कैलासवासी म्हणतो तसा.” म्हणजे एकाच घरच्या दोन मुली. एक जर्मनीत देव्हाऱ्यात बसली आणि दुसरी इंग्लंडात चार जणांच्या हसण्याचा विषय झाली. असे का व्हावे?

हे एका दिवसात झाले नाही. पायरी पायरीने झाले, आणि ती प्रत्येक पायरी ऐकताना मला आपल्या ओळखीची वाटली.

पहिली पायरी अशी. जो भाग्यवान, ज्याच्यावर देवाची कृपा, तो पुण्यशील असणारच, असे लोकांना वाटू लागले. पुण्यशील म्हणजे ज्याच्या मनात पाप नाही तो. सुमारे १२०० सालापर्यंत त्या शब्दाचा अर्थ ‘निष्पाप, निरागस’ असा झाला होता. तान्ह्या मुलाला, कोकराला हा शब्द लावीत. इथवर सगळे ठीक आहे. आपणही लहान मुलाला म्हणतोच की, देवाघरचे फूल.

दुसरी पायरी. जो निष्पाप, त्याला जगातले छक्केपंजे कळत नाहीत. त्याला कोणीही फसवते. म्हणून त्याची कीव येते. तेराव्या शतकाच्या अखेरीस त्या शब्दाला ‘बिचारा’ असा अर्थ चिकटलेला दिसतो. बिचारा हा शब्द तरी कुठला, हेही मी विचारून घेतले. तो फारसी आहे. ‘चारा’ म्हणजे उपाय, आणि ‘बे-चारा’ म्हणजे ज्याच्यापाशी काही उपाय उरला नाही तो. आपण दिवसातून दहा वेळा कोणाला ना कोणाला बिचारी म्हणतो. ती निरुपाय झाली आहे असा निकाल आपण देत आहोत, हे आपल्या ध्यानीमनीही नसते.

या काळातला इंग्रजांचा मोठा कवी चॉसर. तो १४०० साली वारला. त्याच्या ‘कँटरबरी टेल्स’ या ग्रंथात हा शब्द ‘सेली’ अशा रूपात बऱ्याच वेळा येतो. त्यांतल्या दोन गोष्टी बाईंनी मला सांगितल्या.

एक आहे गरीब विधवेची. लहानशी झोपडी, दोन मुली, तीन डुकरिणी, तीन गाई आणि मॉल नावाची एक मेंढी, एवढा तिचा संसार. तिच्या अंगणात एक तोऱ्यातला कोंबडा असतो. कोल्हा येतो, त्याच्या आवाजाची स्तुती करतो, आणि डोळे मिटून आरवायला लावून त्याचा गळा धरतो. कोंबड्यांचा कलकलाट ऐकून ती बाई आणि तिच्या मुली ओरडत कोल्ह्यामागे धावतात. शेवटी कोंबडा आपल्या अकलेने सुटतो. या बाईला चॉसर ‘सेली’ म्हणतो. ती मूर्ख नाही हो. थोडक्यात भागवणारी, कष्टाची, सरळ बाई आहे. तिथे तो शब्द ‘बापडी’ या अर्थाने आला आहे, आणि त्यात माया आहे.

दुसरी गोष्ट एका सुताराची. म्हातारा नवरा, तरुण बायको आणि घरात भाड्याने राहणारा एक विद्यार्थी. पुढचे सारे काही मी इथे सांगत नाही. मंडळाच्या व्यासपीठाला ते शोभणार नाही! तो विद्यार्थी सुताराला भय घालतो की महापूर येणार, सगळे जग बुडणार. सुतार खरे मानतो. बायको वाचावी म्हणून कळवळतो, छताला लाकडी टब टांगतो आणि रात्री त्यांतल्या एका टबात झोपतो. मध्यरात्री कोणी “पाणी, पाणी” असे ओरडते. पूर आला असे समजून तो दोर कापतो आणि धाडकन खाली पडतो. हात मोडतो. सारा गाव जमून हसतो आणि त्यालाच वेडा ठरवतो. या सुतारालाही चॉसर ‘सेली’च म्हणतो. आता इथे त्याचा अर्थ काय घ्यायचा? बिचारा, की खुळा? बाई म्हणाल्या, दोन्ही. शब्द उंबऱ्यावर उभा आहे. एक पाय आत, एक पाय बाहेर.

माझ्या मनात मात्र वेगळेच आले. फसवणारा तो विद्यार्थी. विश्वास ठेवणारा हा सुतार, आणि तोही बायकोच्या जिवासाठी. पण गाव हसले कोणाला? ज्याने विश्वास ठेवला त्याला!

तिसरी पायरी. ज्याची कीव येते तो दुबळा. त्याला स्वतःचे रक्षण करता येत नाही. पंधराव्या शतकात शब्दाचे रूपही बदलू लागले. ‘सीली’मधला लांब स्वर आखूड होऊन ‘सिली’ झाले. शेक्सपिअरचे ‘टू जंटलमेन ऑफ व्हेरोना’ नावाचे नाटक आहे. त्यात रानातले दरोडेखोर नायकाला आपला पुढारी व्हायला सांगतात. तो अट घालतो की बायकांना आणि गरीब वाटसरूंना त्रास द्यायचा नाही. त्या बायकांना शेक्सपिअरने ‘सिली’ हे विशेषण लावले आहे. तिथे मूर्ख असा अर्थ नाही. असहाय, निराधार असा आहे. हे ऐकले आणि मी म्हटले, “बाई, हा तर आपला ‘अबला’ शब्द झाला!” अबला म्हणजे जिला बळ नाही ती. तो आपल्याकडे नुसता बाईलाच लावतात. अबल पुरुष असे कधी कोणी म्हटलेले मी तरी ऐकले नाही.

चौथी आणि शेवटची पायरी. जो दुबळा तो बुद्धीनेही दुबळा, असे धरून चालू लागले. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘सिली’ म्हणजे मूर्ख हा अर्थ स्पष्ट दिसू लागतो. १६११ साली इंग्लंडच्या राजाच्या आज्ञेने बायबलाचे जे भाषांतर प्रसिद्ध झाले, त्यातही एके ठिकाणी लबाड लोकांच्या नादी लागणाऱ्या बायकांना हेच विशेषण आहे. तिथे अर्थ दुबळ्या मनाच्या, सहज भुलणाऱ्या असा आहे. पुढे हाच अर्थ राहिला आणि बाकीचे मागे पडले. आता क्रिकेटातल्या त्या जागेलाही ‘सिली’ का म्हणतात ते मला कळले. फलंदाजाच्या इतक्या जवळ उभे राहायचे की चेंडू कपाळात बसावा; असे उभे राहणे म्हणजे शुद्ध वेडेपणा, म्हणून. पण भगिनींनो, जो तिथे उभा राहतो त्याला छाती लागते, हेही तितकेच खरे ना?

तर अशी ही चार पायऱ्यांची उतरण. भाग्यवान, मग निष्पाप, मग बिचारा, मग दुबळा आणि तळाशी मूर्ख. जवळजवळ चारशे वर्षे लागली.

मला वाटले, हा इंग्रजांचा उफराटा कारभार. आपल्याकडे सज्जनाला कोणी मूर्ख म्हणणार नाही. तेव्हा बाईंनी मला गप्प केले. त्या म्हणाल्या, “सम्राट अशोकाचे नाव ऐकलेस ना? त्याच्या शिलालेखांत त्याची पदवी काय आहे? देवानांप्रिय. म्हणजे देवांचा लाडका.” ते लेख सव्वादोन हजार वर्षांपूर्वीचे आहेत. वसईजवळच्या सोपाऱ्यालाही अशा लेखाचा एक तुकडा १८८२ साली सापडला, आणि दुसरा १९५६ साली. एवढ्या मोठ्या राजाची ही पदवी! आणि पुढच्या काळातल्या संस्कृत व्याकरणात पाहावे तर ‘देवानांप्रिय’ या शब्दाचा अर्थ दिलेला आहे मूर्ख. सतराव्या शतकात भट्टोजी दीक्षितांनी ‘सिद्धान्तकौमुदी’ लिहिली, तिच्यातही तेच आहे. म्हणजे इंग्लंडातही देवाचा लाडका तो मूर्ख आणि आपल्याकडेही देवाचा लाडका तो मूर्ख. या दोघांनी एकमेकांचे पाहून काही केले नव्हते. माणसाचे मन सगळीकडे सारखेच, दुसरे काय?

आणि आपला ‘भोळा’ शब्द तरी बघा. आपण भोळा शंकर म्हणतो तेव्हा हात जोडतो. तोच शब्द शेजारणीला लावतो तेव्हा डोळा मिचकावतो. “देवमाणूस आहे हो,” असे एखाद्याविषयी म्हणतो, तेव्हाही पुष्कळदा मनात असते की, याच्याकडून काम करून घ्यायला हरकत नाही.

आता मी जरा घरचे बोलते. बोलू की नको असा दोन दिवस विचार केला, पण या शब्दाची गोष्ट त्याशिवाय पुरी होत नाही.

मला एक आत्या होती. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी कपाळाचे कुंकू गेले आणि ती माहेरी परत आली. आम्ही सहा भावंडे तिच्या अंगाखांद्यावर वाढलो. ती कोणाला कधी नाही म्हणाली नाही. माझ्या लहानपणी म्हाताऱ्या बायका म्हणत, “पुण्यवान आहे हो तुमची आत्या, हिच्या पायगुणानं घर चाललंय.” मी थोडी मोठी झाले तेव्हा म्हणत, “भोळी आहे.” आणखी मोठी झाले तेव्हा म्हणू लागले, “भोळी आहे बिचारी.” एके दिवशी घरातल्या मोठ्यांनी तिला तालुक्याला नेले आणि एका कागदावर तिचा अंगठा घेतला. ते हक्कसोडपत्र होते. तिच्या वाट्याची जमीन तिने भावांना सोडली. कागदात काय लिहिले आहे ते तिला कोणी वाचून दाखवले नाही, आणि तिनेही विचारले नाही. येताना तिला उसाचा रस पाजला. ती आठवण ती आम्हाला फार आनंदाने सांगे, की भावांनी मला रस पाजला. पुढे म्हातारपणी ती दुखण्याने पडली, औषधपाण्याचा खर्च कोणी करायचा यावर घरात बोलाचाली झाली, आणि तेव्हा तिच्यादेखत कोणीतरी म्हटले, “जमीन सोडली तेव्हा अक्कल कुठं गेली होती?”

बघा. चार पायऱ्या! इंग्रजांना चारशे वर्षे लागली. आमच्या घरात पंचवीस वर्षांत झाले. पुण्यवान, भोळी, बिचारी आणि अक्कल नसलेली. आत्या पहिल्या दिवशी जशी होती तशीच शेवटच्या दिवशी होती. ती बदलली नाही. तिच्याकडे बघणारे आम्ही बदललो. शब्दाचे तरी काय चुकले? तो बिचारा आरशासारखा.

म्हणून मला वाटते, या उतरणीवरची खरी घसरडी पायरी मधली आहे. एखादीला आपण बिचारी म्हटले, की तिचे भले करण्याची जबाबदारी संपली असे आपल्याला वाटते, आणि तिच्या भोळेपणाचा आपल्याला काही फायदा होत असला तर तो घ्यायला मन मोकळे होते.

गेल्या वर्षी माहेरी वाटणीचा विषय निघाला. माझ्यापुढेही तसाच कागद आला. माझे भाऊ वाईट नाहीत. हे मी सगळ्यांसमोर सांगते. रीतच तशी आहे, बहिणीने सही करायची, साडी घ्यायची आणि जेवून परत यायचे. सगळ्या जणी करतात. पण माझ्या डोळ्यांपुढे आत्याचा शाईने माखलेला अंगठा उभा राहिला. मी म्हटले, “कागद घरी नेते. वाचते, मग बघू.” एक भाऊ हसून म्हणाला, “तू केव्हापासून एवढी शहाणी झालीस?” भगिनींनो, हाही एक शब्दच! बाईमाणसाने वाचायला मागितले की ‘शहाणी’ ही शिवी होते आणि न वाचता सही केली की ती ‘भोळी’ होते. मग बरी बाई म्हणायची कोणाला?

कायद्याने २००५ सालापासून सगळ्या देशात मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला आहे. आपल्या राज्यात तर ती सुधारणा १९९४ सालीच झाली. हे मी त्या कागदाच्या निमित्ताने विचारून घेतले. त्या कागदावर मी अजून सही केलेली नाही. कदाचित करीनही. भावांचे हाल मला माहीत आहेत. पण सोडायचे झाले तर समजून सोडीन, माझ्या हाताने सोडीन. आणि त्यानंतर मला कोणी भोळी म्हटले तर चालेल, बिचारी म्हटलेले चालणार नाही.

मला वाटते, चारशे रुपये परत करणे आणि कागद वाचल्याशिवाय सही न करणे या दोन गोष्टी एकाच बाईने करता आल्या पाहिजेत. दुसऱ्याचे ठेवून घ्यायचे नाही आणि आपले नकळत जाऊ द्यायचे नाही. हे जमले तर त्या जुन्या ‘सॅलिग’चा अर्थ आपल्या वाट्याला येईल. नाहीतर उतरण ठरलेलीच आहे.

आता थोडे आपल्या मंडळाविषयी, रागावू नका. आपल्यात एक भगिनी आहे. हळदीकुंकू झाले की ताटे तीच घासते. सहलीला गेलो की सगळ्यांच्या पिशव्या तीच राखत बसते. आपण म्हणतो, “तिला सांगा, ती नाही म्हणायची नाही, फार गरीब आहे स्वभावानं.” मी स्वतः असे म्हटलेले आहे, इथेच, या खोलीत, मागच्या संक्रांतीला. या शब्दाची गोष्ट ऐकल्यापासून मला त्याची लाज वाटते. तिला आपण कोणत्या पायरीवर उभे केले आहे? यंदा ताटे घासायची पाळी लावावी आणि तिचे नाव शेवटी लिहावे, अशी माझी चिटणीसबाईंना विनंती आहे. पहिले नाव माझे लिहावे.

शब्द नेहमी खालीच जातात, असेही नाही. आपली मुले ऊठसूट ‘नाइस’ म्हणतात ना? भाजी नाइस, साडी नाइस. या शब्दाचे मूळ लॅटिनमध्ये आहे आणि तिथे त्याचा अर्थ आहे ‘ज्याला काही कळत नाही तो’, अजाण. सहाएकशे वर्षांपूर्वी इंग्रजीत ‘नाइस’ म्हणजे मूर्ख! मग तो चढत चढत नाजूक झाला, काटेकोर झाला आणि अठराव्या शतकात छान, चांगला झाला. म्हणजे जी पायरी उतरता येते ती चढताही येते.

पण खोटी आशा नको. मी हे सगळे मुलीला सांगितले. ती लक्ष देऊन ऐकत होती. शेवटी म्हणाली, “आई, छान आहे ग गोष्ट. पण आता तर सिलीचा अर्थ खुळा असाच आहे ना? पेपरात भाग्यवान असा अर्थ लिहिला तर मार्क मिळणार नाहीत.” खरे आहे. जुना अर्थ माहीत झाला म्हणून आजचा अर्थ बदलत नाही. उद्या मी इंग्लंडात जाऊन कोणाला ‘सिली’ म्हटले आणि वर सांगू लागले की, अहो, मी तुम्हाला पुण्यवान म्हणते आहे, तर ते मला घरी पाठवून देतील.

मी तिला म्हटले, “शब्दाचा अर्थ बदलणं माझ्या हातात नाही. मी खुळी की शहाणी हेही तूच ठरव. पण एवढं कर. दुकानदाराचे चारशे रुपये तुझ्या हातात जास्त आले तर काय करशील, ते आज नको, तशी वेळ येईल तेव्हा सांग.” ती काही बोलली नाही.

मागच्या महिन्यात ती बसने कॉलेजातून आली. दप्तर ठेवले, पाणी प्यायली आणि सहज सांगावे तसे म्हणाली, “आई, आज कंडक्टरनं तिकिटाचे वीस रुपये जास्त परत दिले होते. दिले मी परत. मैत्रिणी हसल्या.”

मी विचारले, “मग? तुला काय म्हणाल्या?”

ती म्हणाली, “काय म्हणणार? तेच!”

आणि आम्ही दोघी हसलो.

भगिनींनो, कहाणीच्या शेवटी आपण ‘सुफळ संपूर्ण’ म्हणतो. ही कहाणी सुफळ झाली की नाही ते मला सांगता येत नाही. माझा तो कागद अजून कपाटात आहे. पण आजपासून कोणाला ‘बिचारी’ म्हणताना आपली जीभ क्षणभर थांबली, तर माझे उभे राहणे वाया गेले नाही असे मी समजेन.  चहा तयार आहे. पेले मी मोजून ठेवले आहेत. मात्र आज ते विसळायला माझ्याबरोबर आणखी चौघी जणी हव्या आहेत.